दोन वाकड्या मानांचा ओतूर-घोडेगाव प्रवास

जुन्नर तालुक्यात लोक किल्ला बघायला जातात, लेणी बघायला जातात, नाहीतर द्राक्षांच्या दिवसांत ओळखीच्या बागेत रिकामी पिशवी घेऊन जातात. मी गेले ती एका माणसाची मान मोडली जाऊ नये म्हणून. किल्लाही पाहिला, पण येताना. जाताना तो उजव्या हाताला होता आणि उजव्या हाताची दृश्यं बघण्याची सोय माझ्याकडे नाही.

माझी मान डावीकडे वळते. मी वळवत नाही, तीच वळते. मेंदूकडून मानेच्या दोन-चार स्नायूंना उगाचच हुकूम सुटतो आणि ते इमानदारीनं आखडून बसतात. डॉक्टर त्याला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. मी पुण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते, आणि माझ्या वर्गात डावीकडच्या रांगेतली मुलं बिचारी अभ्यास करतात नि उजवीकडच्या रांगेत डबे खाल्ले जातात. नव्वदच्या दशकात मी गळ्याला पट्टे बांधले, शेक घेतले, मनाचं दुखणं आहे म्हणून समुपदेशन घेतलं, आणि नणंदेनं सांगितलं म्हणून एक अंगठीही घातली. दोन हजार साल उलटल्यावर स्नायू सैल करणारं इंजेक्शन मिळायला लागलं. तीन-चार महिन्यांनी एकदा मानेत सुया टोचून घ्यायच्या. आठवड्याभरात मान सरळ यायला लागते, थोडे महिने सुखाचे जातात, मग औषध ओसरतं आणि डावीकडची मुलं पुन्हा अभ्यासाला लागतात.

त्या इंजेक्शनच्या रांगेत मला पुखराजशेठ भेटले. ओतूरचे कापडवाले. घराणं मूळ राजस्थानातलं जैन, पण चार पिढ्या ओतूरच्या पेठेत गेल्यामुळे हिशेब आणि भांडण दोन्ही मराठीतच. त्यांची मान उजवीकडे वळायची. पहिल्या दिवशी ते माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसले. मी डावीकडे तोंड करून, ते उजवीकडे. दवाखान्यात एवढं अगदी समोरासमोर कुणीच बसलेलं नव्हतं. बोलण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पुढची दोन वर्षं आमच्या तारखा एकत्र पडत गेल्या आणि ती डावी खुर्ची मी पर्स ठेवून त्यांच्यासाठी धरू लागले.

मग २००५च्या दिवाळीनंतरच्या तारखेला शेठ आलेच नाहीत. पर्स खुर्चीवर एकटी बसली. पंधरा दिवस वाट पाहून मी ओतूरला फोन लावला. फोन त्यांच्या सुनेनं, संगीतानं उचलला.

"मावशी, बाबूजींनी इंजेक्शन सोडलं. म्हणतात, लागू पडत नाही. रविवारी आंबेगाव तालुक्यात गेनुबाबांकडे निघालेत. मान मोडून घ्यायला."

"मोडून?"

"तिकडं हाडं बसवतात ते. एकदा झटका दिला की मान जागेवर, असं कुणीतरी दुकानात सांगितलं. आम्ही सांगून थकलो. तुम्हाला तेच दुखणं आहे, तुमचं ऐकतील."

डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका वेळीच बजावलं होतं: मानेला कुणालाही झटका देऊ द्यायचा नाही, न्हाव्यालासुद्धा नाही. हाडाचा दोष नसताना हाडाला पिळलं तर एखादी नस जाऊन हातपाय जातील. शेठनी त्या वेळी जोरात मान हलवली होती, म्हणजे उजवीकडेच, पण होकारार्थी. आणि इंजेक्शन लागू पडत नाही हे धादांत खोटं होतं. त्यांची मान माझ्याहून चांगली सरळ यायची, मला त्याचा हेवा वाटायचा. शनिवारची अर्धी शाळा बुडवून मी एसटीत बसले.

ओतूर

शेठचं दुकान शोधावं लागत नाही. दुकानाच्या गादीवरून ते रस्त्याकडे एकटक बघत बसलेले दिसतात. मी पायरी चढले आणि मग लक्षात आलं की काहीतरी चमत्कारिक आहे. तोंड दाराकडे होतं, पण मांडी, पोट, खांदे सगळे भिंतीकडे. शेठनी मानेला सरळ करण्याऐवजी गादीच पाव फेरा फिरवून घेतली होती. लोड, तक्क्या, गल्ला, मीटरपट्टी, सगळं भिंतीकडे तोंड करून, आणि वाकड्या मानेवरचं तोंड बरोबर गिऱ्हाइकावर.

"ही काय युक्ती?" मी विचारलं.

"बाई, इंजेक्शन चालू होतं तेव्हा लई पंचाईत व्हायची," शेठ म्हणाले. "मान सरळ आली की मी कॅलेंडरकडं बघायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठला आज धंदा नको. मग गादी परत फिरवायची. तीन महिन्यांनी मान फिरली की गादी फिरवा. आता एकदाच फिरवून टाकली."

बोलताना त्यांनी उजव्या हाताचं बोट हनुवटीला लावलं आणि मान चटकन सरळ झाली. या दुखण्याची ही एक गंमत असते. नुसता हलका स्पर्श झाला की मेंदू क्षणभर फसतो. माझा स्पर्श कानामागे आहे, शेठचा हनुवटीवर. त्यामुळे मी सदैव कान खाजवणारी वाटते आणि शेठ सदैव गहन विचारात दिसतात. ओतूरमध्ये त्यांना फार विचारी माणूस मानतात, आणि त्यांनी तो गैरसमज कधी दूर केलेला नाही.

दुकानात साडेतीनपासून गर्दी सुरू झाली. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं शेवटच्या एसटीच्या आधी खरेदी उरकतात. शेठ कापड फाडत होते, भाव सांगत होते, आणि मधूनमधून आतल्या दाराच्या पडद्यामागून आवाज येत होता: "बाबूजी, तो खण दुसऱ्या गठ्ठ्यातला." "बाबूजी, त्यांना रुंद पन्ह्याचं पाहिजे." संगीता. पडद्याबाहेर फक्त तिची बोटं दिसत. शेठ ऐकलं न ऐकलंसं करून बरोबर तेच काढत होते.

"सूनबाई बाहेर का बसत नाहीत?" मी विचारलं.

"आमच्यात घरच्या बायका गादीवर बसत नाहीत," शेठ म्हणाले. पडद्यामागची बोटं आत गेली.

त्यांचा मुलगा नारायणगावच्या दुसऱ्या दुकानात असतो, रात्रीच येतो. म्हणजे गादीवर शेठ आणि गादीमागे संगीता, असा तो कारभार होता.

सव्वापाचला एकाएकी गल्ल्याला कुलूप लागलं. जेवायची वेळ. घरात चौविहार होता: सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. आमच्याकडे जेवणं रात्री नऊला, बातम्यांतल्या दंगलीसमोर होतात. इथं डिसेंबरच्या उन्हात, खिडकीच्या पट्ट्यावर लक्ष ठेवून, सगळे शांतपणे ताटावर बसले.

संगीतानं माझ्यासाठी मासवडी केली होती. परगावच्या वाचकांसाठी सांगते, हिच्यात मासा नसतो. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण भरायचं, वळकटी करायची, वड्या कापायच्या आणि रश्शात सोडायच्या. या घरातली मासवडी लसणाशिवाय होती आणि तरी उत्तम होती. पण माझं इंजेक्शन होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. मानेच्या पुढच्या स्नायूत टोचलं की औषध थोडं गळ्याकडेही झिरपतं, आणि दोन-तीन आठवडे घास उतरायला कुरकुर करतो. अशा वेळी हनुवटी खाली घ्यायची, घास सुपारीएवढा, पाण्याचा घोट, मग पुढचा. मी भाकरी रश्शात कुस्करून, खाली मान घालून, रवंथ केल्यासारखी जेवत होते. पहिली वडी घशाशी अडली आणि मी खोकले, तेव्हा सगळं घर उभं राहिलं. मी हातानं बसा म्हटलं.

हळूहळू खिडकीतलं ऊन पिवळं झालं, मग भिंतीवर चढलं. घरच्यांनी ताटं धुऊन ते पाणी प्यायलं, तशी त्यांची रीत आहे. मला सूर्याचा नेम नव्हता, म्हणून मी सावकाश चघळत राहिले. पण शेठ माझ्या ताटाकडे बघत होते. मला वाटलं, मी किती खाते ते मोजतायत.

"बाई, तुमचं असं किती दिवस चालतं?"

"दोन-तीन आठवडे. मग गळा सुधारतो."

"आणि तोवर?"

"तोवर ही अशी, गाईसारखी."

मी हसले. शेठ हसले नाहीत. उठून हात धुवायला गेले. मागून बघताना मला जाणवलं की हा माणूस फार वाळलाय. सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. संगीतानंही हळूच सांगितलं, "उन्हाळ्यातल्या इंजेक्शनपासून खाणंच कमी झालंय हो. विचारलं की चिडतात."

जुन्नर, घोडेगाव आणि पुढं

सकाळी पिंपळवंडीचा बबन त्याची जीप घेऊन आला. बबन शेठच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आणि तालुक्यातल्या सगळ्या बातम्यांचा मालक. शेठ त्याच्या शेजारी पुढं बसले, मी मागं. मान उजवीकडे, त्यामुळे शेठ वाटभर बबनच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले.

दहा मिनिटांनी बबन आरशातून मला म्हणाला, "बाई, शेठला सांगा ना जरा. मला वाटतंय, माझं काय चुकलंय."

"तुझं काही चुकलं नाही. त्यांची मान तशी आहे."

"ते म्हाईत हाय वो. पण डोळं तरी मिटा म्हणावं."

शेठनी डोळे मिटले. जीपचे धक्के बसले की माझीही अर्धी सरळ झालेली मान दमून डावीकडे जाई, त्यामुळे जुन्नर तालुक्याची फक्त डावी बाजू मला माहीत झाली. उसाचे फड, कांद्याचे हिरवे वाफे, कुंपणाला बांधलेली कुत्री. बबन प्रत्येक उसापाशी बिबट्याची हकिकत सांगत होता. त्याच्या मते बिबट्या नेहमी मागून झडप घालतो, म्हणून शेताकडं जाताना माणसानं सारखं मागं वळून बघावं.

"मग आमच्यापैकी कुणाला काही भीती नाही," शेठ डोळे मिटूनच म्हणाले. "एका बाजूनं मी बघतो, दुसऱ्या बाजूनं बाई बघतील."

जुन्नरच्या दक्षिणेला जो डोंगर समोर येतो त्याचं नाव मानमोडी. लेणी फार जुनी आहेत म्हणतात. मान मोडून घ्यायला निघालेल्या माणसाला वाटेत हा डोंगर लागावा, हे मला काही बरं वाटलं नाही. शेठना मात्र तो शुभशकुन वाटला. त्यांनी डोळे उघडून नमस्कार केला, तोही बबनलाच झाला.

घोडेगावच्या पुढं धरणाकडच्या रस्त्याला गेनुबाबांची वस्ती होती. पत्र्याच्या छपराखाली मुरगळलेले पाय, निखळलेले खांदे आणि अवघडलेल्या कंबरा ओळीनं बसल्या होत्या. करंजाच्या तेलाचा वास येत होता. आमचा नंबर लागायला तीन वाजले. मी रात्रभर एक भाषण तयार केलं होतं. मेंदू, स्नायू, नस, पक्षाघात असे त्याचे चार भाग होते आणि फळ्यावर आकृती काढायची वेळ आलीच तर जमिनीवर काटकीनं काढायचंही ठरवलं होतं. गेनुबाबा बाहेर आले. उंच, पांढरी मिशी, हात तेलानं चकचकीत. त्यांनी शेठना स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि दोन्ही तळवे शेठच्या गालांवर ठेवले. भाषणाचं पहिलं वाक्यच आठवेना.

"थांबा," मी म्हणाले, एवढंच.

"थांबतोच हाय," गेनुबाबा म्हणाले. "आधी पथ्य ठरू द्या. पथ्याबिगर मी हात चालवीत न्हाई. शेठ, मान बसली की आठ दिस बोकडाच्या पायाचं सूप. रातच्याला, झोपायच्या टायमाला."

शेठच्या गालांवरचे तळवे तसेच होते.

"आम्ही जैन आहोत," शेठ त्या तळव्यांमधून म्हणाले.

"मग अंडं?"

"अंडंबी नाही."

"मग तुमी खाता तरी काय?"

"दाळ."

"दाळीवर हाड बसत न्हाई, शेठ."

"आमच्या चार पिढ्यांची बसलीत."

ओळीतल्या एका कंबरेला हसू आलं आणि मग ती कळवळली. गेनुबाबा मात्र समजूतदार माणूस निघाले. त्यांनी जरा विचार केला. "बरं, दूध. आटीव, हळद घालून. पावणं लांबून आलेत, तेवढं चालवून घिऊ. पण रातच्याला."

"दिवसा घेतो," शेठ म्हणाले.

"दिवसा घिऊन काय उपेग? मान बसती ती रातीच्या झोपंत. दिवसभर तुमी ती हलिवणार."

"दिवस मावळल्यावर मी पाणीही घेत नाही."

गेनुबाबांनी हात काढून घेतले. राग नव्हता, उलट त्यांनी आम्हाला चहा पाजला. पण पथ्य मोडून केलेल्या कामाचा ठपका आपल्यावर येतो, म्हणून ते बधले नाहीत, आणि नेम मोडून बरं व्हायचं नाही, म्हणून शेठ बधले नाहीत. माझं चार भागांचं भाषण वाया गेलं. मी चहा बशीत ओतून, हनुवटी खाली घेऊन, फार आनंदानं प्यायले.

आनंद जीपपर्यंतच टिकला. शेठ यावेळी पुढं न बसता मागं, माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. दवाखान्यात बसायचे तसे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इथंही जेवणाची वेळच आडवी आली," ते म्हणाले.

"इथंही म्हणजे? आणखी कुठं आली?"

आम्ही दोघं एकमेकांकडेच बघत होतो, दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. अशा अवस्थेत माणसाला फार वेळ लपवता येत नाही.

"इंजेक्शन लागू पडतं, बाई," शेठ शेवटी म्हणाले. "चांगलं पडतं. पण मग घास उतरत नाही. तुम्ही काल जेवलात ना, तसं. गल्ला बंद करून सव्वापाचला ताटावर बसायचं, चार घास खाली जाईतो दिवस मावळतो. ताट तसंच टाकून उठायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा निभावलं. पावसाळ्यात ढगांमुळं अंदाजच येईना, म्हणून अजून लवकर उठायचो. दिवाळीनंतर पुन्हा टोचलं असतं तर थंडीत मी उपाशीच मेलो असतो."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं होतं, गिळायला त्रास होतो का. मी नाही म्हणालो."

"का पण?"

"ते म्हणाले असते, रात्री जेवा. औषध म्हणून जेवा. मग मी काय केलं असतं?" शेठनी हनुवटीला बोट लावलं, बहुतेक सवयीनं. "घरची गेली त्या वर्षी तिच्याबरोबर हा नेम घेतला होता. ती शेवटच्या आजारातही रात्री पाणी प्यायली नाही. मी मानेसाठी मोडू?"

मला त्या माणसाचा एकदम फार राग आला आणि तितकीच मायाही वाटली. काल तो माझं ताट मोजत नव्हता. स्वतःचं टाकून दिलेलं ताट बघत होता, आणि मी त्याला गाईचा विनोद सांगत होते.

चार वाजत आले होते. रस्त्याच्या डाव्या बाजूला धरणाचं पाणी चमकत होतं. मी बबनला जीप थांबवायला सांगितली.

"शेठ, आत्ता जेवायचं."

"आत्ता? भूक कुठंय?"

"भूक नको. वेळ आहे. आज तुम्ही माझ्या चालीनं जेवायचं, तुमचं इंजेक्शन झालंय असं समजून. बघू सूर्य आधी जातो की खिचडी."

संगीतानं माझ्या गळ्यासाठी मऊ मुगाची खिचडी आणि कढी बांधून दिली होती, ती दोघांना पुरण्यासारखी होती. बबननं त्याची घरची मासवडी सोडली आणि लसणाशिवाय मासवडी ही मासवडीच नव्हे, असं ठणकावून सांगत आमच्यापासून लांब बसला. मी शेठना शिकवायला लागले. हनुवटी छातीकडे. घास छोटा. गिळून झालं की पुन्हा एकदा कोरडं गिळायचं. मग कढीचा घोट. बोलायचं नाही. बोलायचं नाही म्हटलं की मी बोलते, म्हणून मला दोनदा ठसका लागला आणि बबननं विचारलं, हे शिकवणं हाय का काय हाय.

शेठ मात्र फार शहाण्या विद्यार्थ्यासारखे जेवले. मी थांबले की थांबत, मी घोट घेतला की घेत. पाण्यावर बगळे उतरत होते. एक बाई शेरडं घेऊन गेली आणि उतरत्या उन्हात खाली माना घालून एकेक शीत वेचणारी ती दोन माणसं बघून परत वळून बघत राहिली. शेवटी शेठनी डबा विसळला, ते पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग सूर्य बघायचा म्हणून ते सगळ्या अंगासकट वळले, कारण एकट्या मानेला तिकडं जाता येत नव्हतं.

सूर्य डोंगराच्या चांगला हातभर वर होता.

"अजून केवढा दिवस आहे," शेठ म्हणाले.

"रोज असतो."

"आज दुकान बंद आहे, बाई. रोज चारला माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळी मी ताटावर बसलो तर गादीवर कोण बसंल?"

"जी पडद्यामागून तुमचं दुकान चालवते, ती बसेल."

शेठ डबा घेऊन जीपकडे निघाले. येताना त्यांनी पुन्हा पुढची जागा घेतली आणि डोळे मिटले. किल्ला डाव्या हाताला आला, उन्हात तांबूस दिसत होता, आणि मी तो एकटीनंच पाहिला. बबन जेवून जड झाला होता. बिबटेही थोडे कमी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. शेठ गादीवर होते, तोंड दाराकडे, पोट भिंतीकडे. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. संगीतानं एसटीत खायला तिळाची वडी दिली आणि पडद्यामागं गेली. गाडीत बसल्यावर माझी मान डावीकडे वळली आणि नारायणगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत स्वतःशीच भांडत राहिले.

पुणं

माझी पुढची तारीख फेब्रुवारीत होती. मी नेहमीसारखी पर्स डाव्या खुर्चीवर ठेवली. एका गृहस्थांनी दोनदा विचारलं, इथं कुणी आहे का. आहे, म्हणाले. गृहस्थांना ते पटलं नाही. अकराच्या सुमारास पायऱ्यांवर खोकला ऐकू आला आणि पुखराजशेठ पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवून बसले.

आत डॉक्टरांनी विचारलं, "गिळायला काही त्रास?" दार उघडं होतं. शेठनी बोट हनुवटीला लावलं, मान सरळ केली, आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले, "होतो. आणि मी दिवस मावळल्यावर जेवत नाही. ते बदलणार नाही. बाकी काय बदलायचं ते तुम्ही बदला."

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "अहो, हे आधीच सांगायचं. पुढच्या स्नायूत औषध कमी घालू, मागच्यांवर काम भागवू. मान थोडी कमी सरळ येईल."

"चालेल," शेठ म्हणाले. "गादी थोडी फिरवून घेऊ."

बाहेर आल्यावर गादीवर कोण बसणार आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. व्यापारी माणूस, सौदा पुरा होईस्तोवर भाव फोडत नाही.

दोन आठवड्यांनी, घास उतरायला सगळ्यात त्रास होतो त्या दिवसांत, मी मुद्दाम शाळेतून घरी येऊन ओतूरच्या दुकानाचा फोन लावला. संध्याकाळचे साडेचार झाले होते. पलीकडे मोठा गलका होता.

"हॅलो, कापड दुकान," संगीताचा आवाज आला, आणि लगेच दुसरीकडं, "ताई, तो रंग उन्हात नेऊन बघा, आत फसवतो. हां, बोला."

"संगीता, मी. तू बाहेर बसलीस?"

"मावशी! बाहेर म्हणजे गादीवरच आहे. गादी सरळ केली आम्ही, दाराकडं. मला भिंतीकडं तोंड करून गिऱ्हाईक दिसेना." ती हसली. "पहिल्या दिवशी मी पदर सारखा पुढं ओढत होते. बाबूजी म्हणाले, पदर राहू दे, मीटरपट्टीवर लक्ष ठेव."

"आणि ते कुठं आहेत?"

"आत. ताटावर बसलेत. बोलावू का?"

मी खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर ऊन होतं, पांढरं, भरपूर.

"नको," मी म्हटलं. "सावकाश जेवू दे."